मागून येणारे उत्तर

मोएलांगीने चटईची कड धरून जोरात ओढली. पण आतून बापाने दुसरी कड मुठीत आवळून धरली होती. शिक्षणशास्त्र विभागाच्या पायऱ्यांसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या देखत, बापलेकीची रस्सीखेच चालली होती. चटई केसासारख्या बारीक विणीची, आजीच्या आजीने विणलेली, घरातल्या लग्न-मयताशिवाय कधी उजेडात न येणारी. आणखी जरा जोर केला असता तर फाटली असती. मोएलांगीने हात सोडले.

"बाबा, उठा इथून."

चटई आतून आणखी घट्ट ओढली गेली.

"सेफा, तू तरी ऊठ. लाज नाही वाटत?"

"वाटते ना," चटईखालून भावाचा घोगरा आवाज आला. "म्हणून तर डोक्यावर घेतलीय."

त्यांच्यामागे गवताच्या कडेला पाय दुमडून बसलेल्या फिआ आत्याने जीभ चावली. आत्या चर्चला जायचा पांढरा पोशाख घालून आली होती आणि विमानतळावरच्या नोकरीवरून थेट आलेल्या सेफाच्या अंगात अजून तो भडक केशरी अंगरखा होता. चटईच्या एका बाजूने त्याची कड दिसत होती. सामान चढवणारा सव्वासहा फुटी गडी, गुडघ्यात मान घालून बापाला चिकटून बसला होता.

मोएलांगीच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. खून झाला, गाडीखाली कोणाचे पोर आले, की इफोंगा करायचा. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात घरातल्या कर्त्या पुरुषाने किमती चटई पांघरून बसायचे. त्याने येऊन चटई उचलली तर माफ झाले, पुढे तोंडातून त्या गोष्टीचा ब्रही काढायचा नाही. नाही उचलली तर बसून राहायचे; जुन्या काळी बसल्या जागी मान उडवलेलेही होते म्हणतात. पण प्रबंधासाठी कोणी इफोंगा केल्याचे सामोआत ऐकिवात नव्हते, मग इथे दक्षिण ऑकलंडात तर सोडाच. आणि ज्या अपराधासाठी बाप बसला होता, तो तिने केलेलाच नव्हता. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

विभागाचे पत्र तीन आठवड्यांपूर्वी आले होते. पत्रात दोन रकाने होते. डावीकडे विभागात शिकवणाऱ्या डॉ. मारेता यांच्या छापून आलेल्या लेखातला मजकूर, उजवीकडे शिक्षिका होण्यासाठी मोएलांगीने लिहिलेल्या प्रबंधातला. दोन्हीकडे पिवळ्या रेघा ओढलेल्या. दोन्हीकडे एकच मुलगा होता. तो शाळेत बहिणीच्या लावालावाची, कमरेला गुंडाळलेल्या कापडाची, कड धरून बसायचा, बाईंनी काही विचारले की आधी बहीण उत्तर द्यायची, मग तिच्यामागून तो तेच उत्तर मोठ्याने म्हणायचा. बाईंना वाटले, पोरगा नक्कल करतो. त्यांनी दोघांना वेगळ्या वर्गांत बसवले आणि तो मुलगा नाताळापर्यंत एक अक्षर बोलला नाही. दोन्हीकडे त्या प्रकाराला एकच नाव दिले होते: मागून येणारे उत्तर.

ती बहीण म्हणजे मोएलांगी आणि तो मुलगा म्हणजे सेफा. नाव तिनेच दिले होते, आणि तेही कुठल्या परिषदेत नव्हे. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पाच-सहा जणी अभ्यासाला बसत. पाठाची टाचणे एकमेकींना दाखवत, तळलेले पानीकेकेचे गोड गोळे आणि कोको घेत रात्र करीत. डॉ. मारेताही कधी कधी येऊन बसायच्या. त्या विभागातल्या डॉक्टरेट मिळवलेल्या पहिल्या सामोअन. त्या आल्या की पोरींना हॉलचे छप्पर उंच झाल्यासारखे वाटायचे. सेफाची गोष्ट ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या, आणि मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या होत्या, "वेगळं केल्यावर काय झालं, ते पुन्हा सांग." मोएलांगीने पुन्हा सांगितले होते. आपले म्हणणे एवढ्या शिकलेल्या बाईला दोनदा ऐकावेसे वाटते, याचे तिला किती अप्रूप वाटले होते! आता ते अप्रूप आठवले की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावेसे वाटे.

पहिल्या चौकशीत तिने हे सगळे सांगितले. आचारसंहितेचे काम पाहणाऱ्या हेदर पॅक्स्टन बाईंनी मान हलवत ऐकून घेतले. फार छान ऐकून घेत त्या. नंतर विचारले, याचा काही लेखी पुरावा?

"आम्ही खात होतो," मोएलांगी म्हणाली होती. "खाताना कोण लिहून घेतं?"

मग हेदर बाईंनी समजावले. डॉक्टरांचा लेख आधी छापला गेला, म्हणजे मजकूर त्यांचा. मोएलांगीने तो वाचला नव्हता असे ती म्हणते, ठीक आहे, पण वाचायला हवा होता, हीसुद्धा अपेक्षाच आहे. डॉक्टरांनी लेखी कळवले होते की गेल्या वीस वर्षांत त्या शेकडो कुटुंबांशी बोलल्या आहेत, नेमके असे संभाषण त्यांना आठवत नाही. आणि हो, पुराव्याशिवाय अध्यापकांवर आरोप करणे हाही आचारसंहितेचा भंग ठरतो, तेव्हा शब्द जरा जपून. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी त्या संहितेवर सही केली होती. भावी शिक्षकाने आदराने बोलावे, वेळेवर यावे, घरातल्या मयताला तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी घेऊ नये, दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून मांडू नयेत. सही करताना मोएलांगीला त्यातले शेवटचे कलम सगळ्यांत सोपे वाटले होते.

गुरुवारच्या पोरींना तिने विचारले. दोघी शिकून बेटावर परत गेल्या होत्या. इथे राहिलेल्या दोघींपैकी एकीने फोन उचलला नाही. दुसरीने उचलला आणि खालच्या आवाजात म्हणाली, ताई, मला सगळं आठवतंय, पण माझं शाळेतलं शिकवणं अजून बाकी आहे आणि त्याचे गुण मारेता बाईच देणार आहेत. मोएलांगी तिच्यावर रागावलीसुद्धा नाही. रागवायला तिच्याकडे आधीच पुष्कळ लोक होते.

आज वरच्या मजल्यावर तिघांच्या समितीसमोर सुनावणी होती. दोषी ठरली तर नुसता प्रबंध बाद होणार नव्हता. 'शिकवण्यास अयोग्य व्यक्ती' असा शेरा शिक्षक मंडळाकडे जाणार होता, आणि मग या देशातल्या कुठल्याही शाळेत तिला फळ्यासमोर उभे राहता येणार नव्हते. नऊ वर्षे ती मांगेरेच्या शाळेत मदतनीस होती. पोरांची नाके पुसली, शी-शू काढली, आणि शिकवायची वेळ आली की बाजूला सरून उभी राहिली. त्याच शाळेतल्या सामोअन वर्गाची जागा मुख्याध्यापिकेने तिच्यासाठी अडवून ठेवली होती.

आणि हा बाप, आपेलू. त्याला तिने पत्र वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता. आपेलूने हात वर करून तिला थांबवले. डॉक्टरबाई पाद्रीबाबांच्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांच्या नावाला आपल्या घरामुळे डाग लागला, एवढे त्याला पुरे होते. "पण बाबा, त्यांनी माझं घेतलं," ती ओरडली होती. त्यावर तो खरोखरच नवल वाटून म्हणाला होता, "तुझ्याकडे घेण्यासारखं काय आहे, पोरी?"

त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नव्हती. आज बोलली ती चटई ओढताना.

इमारतीचा काचेचा दरवाजा उघडला आणि हेदर बाई खाली आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, चेहऱ्यावर काळजी. त्यांच्यामागोमाग दारावरचा टोंगन, म्हणजे सामोआशेजारच्या बेटांवरचा, पहारेकरीही आला. त्याने चटई पाहिली, टोपी काढून काखेत धरली आणि पाच पावले मागेच थांबला. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"मोएलांगी, तुमच्यासोबत आत एकच आधार-व्यक्ती बसू शकते, आणि तिला बोलता येत नाही, हे मी कळवलं होतं," हेदर बाई म्हणाल्या.

"ते आत येत नाहीयेत."

"मग हे काय आहे? लोक घाबरलेत. डॉ. मारेता आज साक्षीला आहेत. साक्षीदारावर दबाव आणणं हा स्वतंत्र भंग आहे. मला त्याची नोंद करावी लागेल."

"दबाव नाही. ते माफी मागतायत."

हेदर बाईंचे डोळे एकदम मऊ झाले. त्या मऊपणाचीच मोएलांगीला जास्त भीती वाटली.

"माफी? तुमच्या वतीने?"

झाले. दबाव म्हणावे तर नवा गुन्हा, माफी म्हणावी तर जुन्याची कबुली. धरले तर चावते, सोडले तर पळते. हेदर बाई अंगठ्याने फोनवर काहीतरी टिपून घेत होत्या.

"त्या गाडीत बसल्यात," मागून आत्या मोठ्याने म्हणाली, सामोअनमध्ये, म्हणजे हेदर बाईंना कळू नये पण बाकी सगळ्यांना कळावे अशा बेताने. "केव्हाच्या आल्यात. आरशात बघतायत नुसत्या. स्वतःचा चेहरा बघतायत की आपल्याला, देव जाणे."

मोएलांगीने वळून पाहिले. आवाराच्या टोकाला निळी गाडी उभी होती आणि स्टिअरिंगमागे डॉ. मारेता सरळ समोर बघत बसल्या होत्या. आत्याच्या बोलण्याचा रोख पोचला असावा, किंवा पायऱ्यांवर जमलेले वीस-पंचवीस विद्यार्थी त्यांनी पाहिले असावेत. गाडीचे दार उघडले. त्या आल्या ते भराभर, जसे उशीर झालेले माणूस येते. मग चटईपासून दोन हातांवर त्यांची पावले अडखळली. वाकून त्यांनी काळे उंच टाचेचे बूट काढले. एक बूट उभा राहिला, दुसरा कलंडून डांबरावरून थोडा लांब गेला. अनवाणी पायांनी त्या चटईपुढे आल्या आणि उभ्या राहिल्या.

मोएलांगीकडे त्यांनी पाहिले नाही.

चटईखालून आपेलूचे बोलणे सुरू झाले. म्हातारा एरवी घरात मीठ मागायलाही आढेवेढे घेई. पण भाषणाला उभा राहिला, किंवा आजच्यासारखा बसला, की त्याच्या तोंडी जुनी, जड, घडवलेली भाषा येई. डॉक्टरबाईंच्या घराण्याचा, त्यांच्या गावाचा, त्यांच्या वडिलांच्या पदाचा मान त्याने एकेक करून उच्चारला. आपले घर त्यांच्या पायाच्या धुळीइतकेही नाही असे सांगितले. आपल्या मुलीने अज्ञानाने, मोठ्या माणसाचे शब्द उचलले. तिला मारा, ती तुमची, मला मारा, मी तुमचा. इतके सुंदर बोलणारा माणूस मोएलांगीसाठी एवढे सुंदर खोटे बोलत होता, आणि ते खोटे आहे हे त्याला ठाऊकही नव्हते.

डॉ. मारेता खाली वाकल्या आणि त्यांनी चटई उचलली.

पायऱ्यांवरून कोणीतरी सुस्कारा सोडला. आत्या डोळे पुसायला लागली. आपेलूने मान वर केली, उन्हाने डोळे मिचकावले. त्याचे पांढरे केस चटईच्या घर्षणाने उभे राहिले होते.

"काय झालं?" हेदर बाईंनी हळूच पहारेकऱ्याला विचारले.

"मिटलं, बाई," तो म्हणाला. "त्यांनी माफ केलं."

"अच्छा," हेदर बाई म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांचा अंगठा चालू लागला. माफ केले, म्हणजे माफ करण्यासारखे काही होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच चोर म्हणून माफी मिळाली होती, तीही बापाच्या गुडघ्यांवर. आता मोएलांगीने वर जाऊन बोलायचे तरी काय?

पण रिवाजाप्रमाणे आपेलूचे अजून संपले नव्हते. माफी मिळाल्यावर आभाराचे चार शब्द बोलावे लागतात, आणि ते हलक्या मनाने, थोडे हसवत बोलायचे असतात. त्याने चटई आता डॉक्टरबाईंचीच झाली असे सांगितले. बहिणीची ओळख करून दिली. मग शेजारच्या डोंगराएवढ्या पोराच्या पाठीवर थाप मारली.

"आणि हा माझा धाकटा, इओसेफा. याला आज बोलवावं लागलं नाही. लहानपणी ताईच्या लावालावाची कड सोडायचा नाही हा. शाळेत ती बोलायची, मग हा तेच मागून बोलायचा. बाईंनी दोघांना वेगळं बसवलं, तर नाताळापर्यंत मुका झाला होता बेटा. बघा, आजसुद्धा तिच्यामागे आलाच."

आत्या खुदकन हसली. ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती, आणि दरवेळी इथेच हसायचे असे ठरलेले होते.

डॉ. मारेता हसल्या नाहीत. चटई दोन्ही हातांवर तशीच धरून त्या सेफाकडे पाहत राहिल्या. सेफाने आधी बहिणीकडे पाहिले. मोएलांगी काही बोलेल आणि मग आपण बोलू, अशी त्याची जन्माची सवय. मोएलांगीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेव्हा तोच बोलला, मान खाली घालून, मोठ्या माणसाशी बोलावे तसे नम्रपणे.

"मी पाच वर्षांचा होतो, डॉक्टरबाई. तुम्ही चार लिहिलंय."

"काय लिहिलंय?" आपेलूने विचारले.

"त्यांच्या लेखात, बाबा. ताईनं मला वाचून दाखवलं. त्यात मी आहे. कड धरलेली आहे, नाताळ आहे, सगळं आहे. ताईनं चोरलं म्हणतात ते हेच." तो थांबला. "तेवढं चारच चुकलंय."

आपेलूने मुलाकडे पाहिले. मग हळूहळू त्याची मान डॉक्टरबाईंकडे वळली, आणि तिथून पोरीकडे. मोएलांगीला वाटले होते, बापाला कधीतरी कळेल तेव्हा तिला फार बरे वाटेल. तसे काही वाटले नाही. म्हाताऱ्याचा खालचा ओठ लोंबला होता, आणि गुडघ्यांना डांबराचे खडे चिकटले होते. तिला त्याचा राग आला, आणि त्याला तसे पाहायला लावणाऱ्या बाईचा त्याहून जास्त.

डॉ. मारेता यांनी इकडेतिकडे पाहिलेही नाही. त्या आपेलूच्या समोर, डांबरावर, आपल्या इस्त्रीच्या काळ्या झग्यासकट खाली बसल्या, मोएलांगीच्या दिशेने तोंड केले आणि चटई स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली.

आत्याने तोंडावर हात ठेवला.

"आता काय चाललंय?" हेदर बाईंनी विचारले.

पहारेकरी टोपी छातीशी धरून उभा होता.

चटईखालून आवाज आला, हॉलमध्ये कोको पिताना असायचा तसा, घरचा. "मोएलांगी, मला वाटलं होतं ही आपल्या सगळ्यांचीच गोष्ट आहे. माझ्या घरातही असंच होतं. मी लिहिलं तेव्हा मला ते चोरल्यासारखं वाटलंच नाही. आणि नंतर... नंतर उशीर झाला होता."

"सगळ्यांची होती ना?" मोएलांगी म्हणाली. "मग वरच्या मजल्यावर चोर मी एकटीच कशी?"

तिचे बोट चटईकडे रोखलेले होते.

"तुम्ही लिहिलं तेव्हा ते संशोधन. मी लिहिलं तेव्हा ती चोरी. माझ्या भावाचं मुकेपण तुमच्या लेखात चाललं, माझ्या प्रबंधात नाही चाललं. आणि विचारलं तेव्हा म्हणे आठवत नाही. दोनदा सांगायला लावलं होतंत मला. दोनदा!"

"मोएलांगी," आपेलू म्हणाला. "पोरी, उचल ती चटई. मोठ्या आहेत त्या. उन्हात बसल्यात."

"तुम्हीही उन्हातच बसला होतात."

"माझी चूक झाली. ते आपण घरी बघू. पण ही चटई आहे. समोरचा चटई घेऊन बसला की उचलायची. असं लोंबकळत ठेवत नाहीत माणसाला."

मोएलांगी दोन पावले पुढे गेली. सगळ्यांना वाटले, आता वाकेल. आत्याने तर प्रार्थना पुटपुटायला सुरुवातही केली होती. चटई उचलली की झाले. डॉक्टरबाई रडतील, सगळे मिळून रडतील, रविवारी चर्चमध्ये गळ्यात गळे पडतील. आणि वरच्या मजल्यावरच्या टेबलाभोवतीचे तिघे त्यांच्या पुढ्यातल्या दोन रकान्यांवरून निकाल देतील, कारण खाली डांबरावर काय झाले ते त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. इथे सगळे बोलून झाले होते, सगळ्यांना सगळे कळले होते. फक्त लिहून घेणाऱ्या बाईला एक अक्षर कळलेले नव्हते.

ती वाकली नाही.

"इथं बोललेलं वर चालत नाही, डॉक्टरबाई. ही पद्धत तुम्हीच आम्हाला शिकवलीत," ती म्हणाली. "वर चला. त्या तिघांसमोर बसा आणि मला सांगितलंत तेच त्यांच्या भाषेत सांगा. या बाई लिहून घेतील. छापून आलेल्या लेखाचं काय करायचं तेही तिथेच सांगा. त्यानंतर खाली येऊन बसायचं असेल तर खुशाल बसा. मी उचलायची की नाही ते तेव्हा बघेन."

"पोरी," आपेलू कळवळून म्हणाला, "असं कोणी करत नाही."

"माझ्यासारखं कोणाचं झालंही नाही, बाबा."

हेदर बाईंनी घड्याळ पाहिले. त्यांना या सगळ्यातले फक्त वेळेचे समजत होते. "समिती वाट पाहतेय," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा बेताने म्हणाल्या. "डॉ. मारेता, तुम्ही... तुम्ही येऊ शकाल का?"

वाऱ्याने चटईच्या कडेला लावलेली लाल पिसे थरथरत होती. सेफा उठून उभा राहिला, बापाला हाताला धरून त्याने उभे केले, आणि दोघे बाजूला सरले.

मग चटईच्या खालून एक हात बाहेर आला. बोटांतली अंगठी डांबरावर घासली. हात चाचपडत उजवीकडे गेला, तिथे उभा असलेला बूट त्याला सापडला, आणि तो बूट आत ओढला गेला. हात पुन्हा बाहेर आला. दुसरा बूट डावीकडे होता, कलंडलेला, मोएलांगीच्या पायाजवळ. हात भलत्याच बाजूला शोधत होता.

वडीलधाऱ्यांना काही द्यायचे ते दोन्ही हातांनी, वाकून. पायाने वस्तू ढकलली तर सामोअन घरात लहान पोरालाही मार बसतो. मोएलांगीने शाळेतल्या पोरांना हेच नऊ वर्षे शिकवले होते. बाप बघतोय हे तिला दिसत होते.

तिने पायानेच तो बूट हाताकडे सरकवला.